सुभेदार तात्यांची डावी बाजू

सुभेदार तात्यांनी केलेलं कुठलंही डिझाइन डावीकडे कलतं. पुतण्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स केला, तर पुतण्याचं तोंड त्यांनी इतकं डाव्या कडेला नेलं की अर्धी मिशी आणि एक कान फ्लेक्सबाहेर गेला. उजवीकडे नुसतं निळं आभाळ. तो फ्लेक्स गावच्या चौकात लागला तेव्हा लोक विचारायला लागले, "बाकीचे शुभेच्छुक रुसले का काय?"

साताऱ्यात स्टँडच्या मागच्या बाजूला माझा ग्राफिक डिझाइनचा क्लास आहे, अगदी नवशिक्यांसाठी. बारावी झालेली मुलंमुली येतात, लग्नपत्रिका आणि दुकानाची पाटी करण्याइतकं शिकतात आणि जातात. त्यांच्यात एक दिवस तात्या दाखल झाले. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पांढऱ्याशुभ्र मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी वर्गातल्या खुर्च्या दोरी धरल्यासारख्या सरळ लावल्या. मी आत आले तसे ते ताडकन उभे राहिले आणि त्यांच्या धाकानं अख्खा वर्ग उभा राहिला. माझ्या क्लासात हे पहिल्यांदाच घडत होतं. मला आवडलं, खोटं कशाला बोला.

समतोल हा आमचा पहिला मोठा धडा. मी फळ्यावर तराजू काढते आणि सांगते, की चित्रातल्या प्रत्येक वस्तूला नजरेत वजन असतं. मोठी जड, लहान हलकी. गडद जड, फिकट हलकी. एवढासा लाल ठिपका एका पारड्यात टाकला, तर समोर भलामोठा फिका चौकोनसुद्धा कमी पडतो. तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच हव्यात असं नाही, पण बघणाऱ्याला तोल गेल्यासारखं वाटता कामा नये.

तात्यांनी हात वर केला. "मॅडम, लाल रंग डोळा वडतो म्हणला. डावीकडनंबी वडतो?"

"डावीकडून, उजवीकडून, कुठूनही."

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी माऊस हातात घेतला, आणि तिथून माझा छळ सुरू झाला.

महाबळेश्वरच्या रस्त्यावरच्या स्ट्रॉबेरी स्टॉलची पाटी करायला दिली, तर सगळी स्ट्रॉबेरी डाव्या कोपऱ्यात. मी म्हटलं, "तात्या, टेम्पो उलटल्यासारखं दिसतंय."

"उलटू द्या. डावी आघाडी मोकळी सोडायची न्हाई."

हे त्यांचं पालुपद. बाजारातून जाताना कंदी पेढ्यांच्या दुकानाची पाटी बघून ते मालकाला सांगत, "तुमची डावी बाजू लय कमजोर हाय." बिचारा मालक छातीला हात लावून बघे. वर्गात चहा आला की तात्या प्रत्येकाचा कप उचलून त्याच्या डाव्या हाताला ठेवत. माझ्या टेबलावरचं कॅलेंडरही एके दिवशी डावीकडे गेलं. मी ते परत उजवीकडे ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे. मीही हट्टी आहे, पण फौजेपुढे कुणाचं चालतं?

एकदा मी चांगलीच वैतागले. "तात्या, तुम्हाला समतोल शिकायचाच नसेल तर येता कशाला?"

त्यांना राग आला नाही. म्हणाले, "रविवारी घरला जेवायला या. मंग सांगतो."

गेले. दाराच्या चौकटीच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत लाल पट्टी चिकटवलेली. आत घड्याळ, देवांच्या तसबिरी, आरसा, सगळं डाव्या भिंतीला. कॉटवर काकी बसल्या होत्या, तात्यांच्या पत्नी. गोऱ्या, हसऱ्या, बोलायला मोकळ्या. मला माहेर विचारलं, मुलं विचारली. जेवायला बसलो तर त्यांच्या ताटाच्या डाव्या कडेलाही लाल रंगाची रेघ होती. काकींनी भाकरी खाल्ली ती उजवीकडची अर्धी. मग म्हणाल्या, "आवं, मला पिठलं वाढलंच न्हाई का?"

पिठलं ताटातच होतं, डावीकडे. तात्यांनी ताट गोल फिरवलं. "ह्ये बघ, वाढलं." काकी जेवायला लागल्या.

जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. "अर्धांगाचा झटका येऊन गेला हिला," तात्या म्हणाले. "हातपाय आलं माघारी. पर डावीकडचं जग हिच्या लेखी न्हाईच. दारावर धडकती, अर्धी भाकरी ठिवती. डागदर म्हणले, डोळं ठणठणीत हायत, तिकडं ध्यान जात न्हाई. तुमी डावीकडंच बसा, डावीकडनंच बोला, हळूहळू वळंल. म्हणून मी तिथंच खुर्ची टाकून बसतो. तर माजा आवाज ऐकून मला उजवीकडं हुडकती." मग ते म्हणाले, "दिवसभर शेजारी बसून मी तिला कुटंच न्हाई, मॅडम."

मला रडू आलं. ते लपवायला मी एकदम मास्तरीणच झाले.

"तात्या, तुमचं सगळं वजन डावीकडे. पण काकींची नजर निघते उजवीकडून, आणि तिथे तुम्ही कोरं ठेवता. वाटेवर काही दिसलंच नाही, तर त्या पुढे कशाला येतील? उजवीकडे हलकंसं काहीतरी ठेवा, आणि तिथून डावीकडे वजन वाढवत न्या."

"म्हंजे चारा टाकत टाकत आणायचं."

"अगदी तसंच. काकींना आवडतं काय?"

"कोंबड्या!" तात्या लगेच म्हणाले. "लय पाळल्या तिनं. मी रजेवर आलो की आदी कोंबड्यांची खबर सांगायची, मंग माजी इचारायची."

मग आम्ही दोघांनी फ्लेक्स केला. उजव्या टोकाला एक फिकट पिवळं पिल्लू, डावीकडे तोंड करून चाललेलं. त्याच्यापुढे जरा मोठी पिल्लं, मग तांबूस कोंबड्या, आणि डाव्या टोकाला लालभडक तुऱ्याचा भला दांडगा कोंबडा. तात्यांच्या हातचं हे पहिलंच काम ज्यात मी काही खोडलं नाही.

फ्लेक्स काकींच्या कॉटसमोर लागला. शेजारच्यांनी विचारलं, चिकन सेंटर काढताय का? तात्यांचा नेम ठरला. रोज सकाळी काकींकडून कोंबड्या मोजून घ्यायच्या आणि क्लासात येऊन बातमी द्यायची. "आज तिसऱ्या पिल्लापतोर." "आज पयल्या कोंबडीपतोर." एखादे दिवशी काकी पहिल्याच पिल्लावर थांबत, त्या दिवशी खुर्च्या वाकड्याच राहत. वर्गातल्या मुलीही आल्या आल्या विचारायच्या, "तात्या, कुठवर?" डॉक्टरांनी दिलेले व्यायाम चालूच होते. गुण कशाचा म्हणायचा, मला ठाऊक नाही. तात्यांना विचाराल तर ते कोंबड्याचं नाव घेतील.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. काकी बोटानं मोजत होत्या. पिल्लं झाली, कोंबड्या झाल्या, बोट पुढे सरकत राहिलं आणि काकी थबकल्या. "अगं बया, ह्यो कोंबडा कवाधरनं हाय हितं?"

तात्या डावीकडच्या खुर्चीत पुढे सरकले. काकींची नजर कोंबड्यावरून आणखी डावीकडे गेली, फ्लेक्स संपला तिथून पुढे, खुर्चीवर. त्या बघतच राहिल्या.

"आवं! तुमी कवा आलासा?"

"ह्यो काय," तात्या म्हणाले, "आत्ताच."

"मंग बसा की. दमला असाल."

तात्या बसलेलेच होते. तरी ते उठून उभे राहिले, आणि पुन्हा बसले.