पन्ह्याचा सुरक्षा तपशील

अमेरिकेतल्या चँडलर शहरातल्या एका मोठ्या चिप कारखान्यात अभियंता असलेल्या राजाराम खोब्रागडेच्या लॅपटॉपवर जूनमधल्या एका बुधवारी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, अंदाजे एक पेला पन्हं सांडलं. बाहेर तापमान एकशे सहा फॅरनहाइट होतं आणि वाढत होतं. घटनेच्या वेळी राजाराम घरून काम करत होता आणि त्याचा कोपर पूर्णपणे त्याच्याच ताब्यात होता, हे त्यानं पुढे तीन वेळा लेखी मान्य केलं.

त्यानं करायचं ते सगळं केलं. चार्जर उपटला, लॅपटॉप उलटा करून टॉवेलवर ठेवला, कडेकडेनं पुसला. पण गूळ एकदा आत शिरला की शिरला. 'ए' दाबला की 'एस', 'डी', 'एफ' असे सगळे शेजारी हजर व्हायचे. थोड्या वेळानं पडदाच काळा झाला.

त्याला खरी काळजी होती ती वेगळीच. येत्या मंगळवारी उपाध्यक्षांसमोर त्याचं सादरीकरण होतं. चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांवर उमटणाऱ्या एका सूक्ष्म ओरखड्याचा माग त्यानं आठ महिने काढला होता, आणि या कामावर बढती नक्की, असं मॅनेजरनं दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तोंडी.

त्यानं हेल्पडेस्कला फोन लावला.

"घटना पोर्टलवर नोंदवा," पलीकडून सांगण्यात आलं. "पोर्टल फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर उघडतं."

"माझा कंपनीचा लॅपटॉप बंद पडलाय."

"ते पोर्टलवर नोंदवा."

राजाराम गाडी काढून ऑफिसात गेला. शेजारच्या टेबलावरच्या श्रीरंगनं, हा पुण्याचा, मन मोठं करून आपला लॅपटॉप पुढे केला. फॉर्मचं नाव होतं 'द्रव-संपर्क घटना अहवाल'. पहिलाच प्रश्न होता द्रवाचा प्रकार. पर्याय चार: पाणी, कॉफी, शीतपेय, अन्य.

"पाणी लिही आणि मोकळा हो," श्रीरंग म्हणाला. "कॉफी लिहिलंस तर मॅनेजरचा खुलासा लागतो. पाण्याला काही लागत नाही. मागच्या वर्षी माझ्या लॅपटॉपवर अख्खा सांबारचा डबा पडला. पाणी लिहिलं, पाऊण तासात नवीन लॅपटॉप."

"त्यांना डाळ दिसली नाही?"

"उघडून कोण बघतं यार?"

एरवी राजारामनं पाणी लिहिलंही असतं. पण रविवारीच त्याच्या गॅरेजमध्ये चार घरची मुलं जमली होती आणि त्यानं त्यांना पंचशील समजावून सांगितलं होतं. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी त्याच्या बारा वर्षांच्या उर्वीनं हात वर केला होता. "बाबा, व्हॉट अबाउट स्मॉल लाइज? लाइक, रिअली स्मॉल?" त्यावर तो म्हणाला होता, "खोट्याला साइझ नसते." वाक्य मुलांना इतकं आवडलं की त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं. आज सकाळी लॅपटॉप पुसताना, गॅरेजमधून घरात आणून ठेवलेला तोच फळा त्याच्या समोर होता.

त्यानं 'अन्य' निवडलं आणि खाली लिहिलं: पन्हं.

श्रीरंगनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची थोडी लांब सरकवली.

चिप कारखान्यात 'अन्य द्रव' याचा अर्थ रसायन असा होतो. अर्ध्या तासात सुरक्षा विभागातून निळे हातमोजे घातलेली एक मुलगी आली. तिनं राजारामचा लॅपटॉप पिवळ्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि गाठीवर चिठ्ठी चिकटवली. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं अनिका.

"या द्रवाचा सुरक्षा तपशील लागेल," ती इंग्रजीत म्हणाली. "उत्पादक कोण?"

"माझी बायको."

"उत्पादकाचा चोवीस तास चालू असलेला आपत्कालीन फोन नंबर?"

"नंबर आहे. पण ती डायलिसिस सेंटरमध्ये नर्स आहे. शिफ्टमध्ये फोन उचलत नाही."

अनिकानं 'आंशिक उपलब्ध' असं नोंदवलं. मग इकडेतिकडे पाहून ती हळूच मराठीत म्हणाली, "सॉरी काका. माझी आई पण पन्हं करते. इट्स सो गुड. पण सिस्टममध्ये पन्हं नाहीये ना."

बायकोनं, अपर्णानं, तपशील त्याच संध्याकाळी भरून दिला. नर्स असल्यामुळे रकाना रिकामा ठेवायची तिला सवय नव्हती. घटक: कैरी, गूळ, वेलची, मीठ. ज्वलनशीलता: नाही. त्वचेशी संपर्क आल्यास: बोटं चाटावीत. पोटात गेल्यास: आणखी एक पेला द्यावा.

"हे असं लिहून चालेल?" राजारामनं विचारलं.

"खरंच लिहायचंय ना तुला?" अपर्णा म्हणाली. "मग हे खरं आहे."

सुरक्षा विभागाच्या समितीनं तपशील परत पाठवला. पोटात गेल्यावर आणखी द्यावा असं सांगणारं रसायन समितीच्या अनुभवात नव्हतं. ते व्यसन लावणाऱ्या पदार्थांच्या यादीत बसतं का, याची वेगळी चौकशी सुरू झाली. राजारामला 'द्रवांच्या सान्निध्यातील वर्तन' नावाचं नव्वद मिनिटांचं प्रशिक्षण लावण्यात आलं. ते फक्त स्वतःच्या नावावरच्या कंपनीच्या लॅपटॉपवर करता येत होतं. नवीन लॅपटॉप प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर मिळणार होता. तात्पुरता मागितला, तर ज्याची घटना प्रलंबित आहे अशा कर्मचाऱ्याच्या हाती दुसरं उपकरण, मग ते कुणाचंही असो, देणं धोक्याचं असल्याचं कळवण्यात आलं.

मंगळवार उजाडला. मॅनेजरनं फार विचार करून मार्ग काढला: सर्व्हरवरच्या राजारामच्या स्लाइड्स श्रीरंग आपल्या लॅपटॉपवरून सादर करेल. राजाराम मागच्या खुर्चीत बसला. ओरखडा नेमका कुठे उमटतो, हे श्रीरंगनं इतक्या आत्मीयतेनं सांगितलं की उपाध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. आभाराच्या शेवटच्या स्लाइडवर श्रीरंगनं राजारामचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं होतं. वेळ संपल्यामुळे ती दाखवता आली नाही.

"पण मी घातलं होतं हं," बाहेर आल्यावर श्रीरंग म्हणाला. "फाइलमध्ये आहे. बघ हवं तर."

"कशावर बघू?" राजाराम म्हणाला.

बढती श्रीरंगला मिळाली. राजारामनं हात मिळवला, अभिनंदन केलं, आणि भट्टीसारख्या तापलेल्या गाडीतून घरी गेला.

जुलैत समितीचा अहवाल आला. पन्ह्याचं प्रकरण हाताळताना कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की सहा वर्षांचे फॉर्म कधी एकत्र पाहिलेच गेले नाहीत. ते पाहिले गेले. एकूण घटना एक हजार तीनशे तेरा. कॉफी: शून्य. शीतपेय: शून्य. पन्हं: एक. पाणी: एक हजार तीनशे बारा.

निष्कर्ष काढायला समितीला वेळ लागला नाही. या इमारतीत धोकादायक द्रव एकच होता. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मजल्यावरचं पिण्याच्या पाण्याचं यंत्र काढण्यात आलं, आणि तिथे आकडेवारीनुसार संपूर्ण सुरक्षित ठरलेलं कॉफीचं यंत्र बसवण्यात आलं. घरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या दारावर जमा होऊ लागल्या. त्या दिवशी बाहेर एकशे चौदा होतं. राजारामला मात्र अनिकानं स्वतः येऊन नवीन लॅपटॉप दिला. त्याचा द्रव कमी जोखमीचा निघाला होता.

चार दिवस लोकांनी कॉफीवर काढले. पाचव्या दिवशी श्रीरंगनं निवेदन तयार केलं: आकडेवारी चुकीची आहे, पाणी परत द्या. संध्याकाळपर्यंत नऊशे सह्या झाल्या. राजारामनंही केली.

समितीनं निवेदनाची गंभीर दखल घेतली. सगळ्यांना सभागृहात बोलावलं. व्यासपीठावर अनिका उभी होती.

"आकडेवारी चुकली असेल तर आम्ही आजच सुधारू," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कोणी दुसरं काही सांडून पाणी लिहिलं असेल, तर कृपया हात वर करा. कारवाई होणार नाही. पाच जणांनी सांगितलं तरी पाणी उद्या परत येईल."

सभागृह गच्च भरलेलं होतं. सगळ्यांचे घसे कोरडे होते. राजारामनं श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंग छताचं नक्षीकाम पाहण्यात गढून गेला होता. मॅनेजर बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. नऊशे सह्यांच्या त्या गर्दीत कुणीतरी खोकलं, तेवढंच.

अनिकानं पूर्ण दोन मिनिटं वाट पाहिली. मग आकडेवारी अचूक असल्याची नोंद केली आणि सर्वांचे आभार मानले.

ही हकिकत राजाराम हल्ली सांगतो तेव्हा ऐकणारे पोट धरून हसतात आणि विचारतात, एवढ्या माणसांत खरं बोलणारे पाच निघू नयेत म्हणजे काय? तोही तेच विचारतो. मग सहज, तुमच्या हातातल्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणतो, "याच्या आधीचा कशानं गेला होता?"

आणि तुम्ही म्हणता, "पाणी सांडलं होतं."