परचुरे वकील लिफ्टमध्ये बोलत नाहीत

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत परचुरे वकिलांना लिफ्टमध्ये कुणी "सहज विचारतो हं" म्हटलं, की ते येईल त्या मजल्यावर उतरतात आणि उरलेले जिने चढून जातात. वय अडुसष्ट. सत्यनारायणाला गुरुजींनी तीर्थ देता देता भावाच्या हिश्श्याचं काढलं, तर हे हात पुढे धरून म्हणाले, "आपण तीर्थ द्या. सल्ला ऑफिसात, अकरा ते एक."

लोक त्यांना खडूस म्हणतात. मीही म्हणायचो.

एका रविवारी मांजरीहून वडील एक कागद घेऊन आले. जमिनीची मोजणी करायची म्हणून बिल्डरला सही हवी होती, सोमवारी सकाळी दहाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे कागद मी वाचला म्हणजे वडिलांच्या लेखी कोर्टानं वाचला. वाचला, समजावूनही सांगितला. तरी कागद पुन्हा उघडून पाहिला. खाली परचुरे स्कूटर काढत होते, त्यांना गाठलं.

"साहेब, एकच शंका..."

"उद्या अकराला या. कागद घेऊन."

"वडिलांची सही दहाला आहे."

"मग सही अकरानंतर ठेवा."

"बिल्डर थांबायला तयार नाही."

"घाई त्याला आहे की तुम्हाला?" त्यांनी किक मारली.

माझं डोकं फिरलं. "राहू द्या. बी.कॉम. आहे मी. कळलाय मला कागद. कुळाबद्दल आहे. आमच्या जमिनीवर कधी कूळच नव्हतं, मग जाणार काय?"

स्कूटर बंद झाली.

"शब्द काय आहे? जसाच्या तसा सांगा."

"कुलमुखत्यारपत्र."

"अहो पदवीधर, कुल म्हणजे कूळ नव्हे. कुल म्हणजे सगळं. उद्या सही झाली की तो तुम्हाला न विचारता जमीन विकू शकतो." त्यांनी स्कूटर स्टँडला लावली. "वडील कुठं आहेत?"

"वर."

वर येऊन त्यांनी कागद पहिल्या ओळीपासून वडिलांना वाचून दाखवायला घेतला. वडील ऐकत होते. मध्येच म्हणाले, "पोरगं तर म्हनलं, कुळाचं हाय."

परचुऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "शब्द फसवा आहे. भलेभले चुकतात."

"मग सही न्हाई करायची." वडिलांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. "तुमी लगेच आलात, उपकार झाले. हा म्हनत हुता, तुमी ऑफिसाबाहेर बोलतच न्हाई."

"पूर्वी बोलायचो. एका लग्नात बहिणीनं पंगतीतच विचारलं, दादा, सही करू का? माझ्या हातात जिलबी होती. कर म्हटलं. कागद पाहिला नाही."

"काय गेलं?"

"तिचं राहतं घर."

"आन् बहीन?"

"इथंच असते, दोन गल्ल्या सोडून. भाऊबीजेला जातो. दार उघडते, पाट मांडते, ओवाळते. बोलत नाही."

बोटाला थुंकी लावून त्यांनी पान उलटलं.

"पुढे ऐका. कलम चार."