पाचशे-पाचशेचा प्रयोग

ज्ञान अवघड असते, म्हणून ते सोपे करून सांगावे लागते. आणि पुरेसे सोपे झाले की मग ज्ञानाची गरजच उरत नाही. हे ओळखून गुंटूरजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजाने सात दिवसांचा क्वांटम अभ्यासक्रम काढला आणि तो सुब्बारायुडू मास्तरांच्या गळ्यात घातला. (मास्तर आदल्या वर्षापर्यंत बॉयलर शिकवत. बॉयलरही कॉलेजात नव्हता.) क्वांटम कॉम्प्युटरच्या जागी सिम्युलेटर होता, म्हणजे साध्या कॉम्प्युटरला क्वांटमचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम.

मास्तरांनी नाण्याचा दाखला दिला. नाणं हवेत फिरतंय तोवर छापाही आणि काटाही. हातावर पडलं की एकच. "कळलं?" एकशे वीस माना डोलल्या. (वाचकानेही डोलवावी.)

मग प्रात्यक्षिक. सिम्युलेटरमधलं नाणं हजारदा उडवून निकाल वहीत लिहायचा. नियम असा की निकाल अनिश्चित असतो, मात्र तो पाचशे-पाचशेच यावा. एकशे एकोणीस वह्यांत तो तसा आला. (पैकी एकशे चार जणांनी कॉम्प्युटर सुरूच केला नव्हता, त्यामुळे विजेचीही बचत झाली.) हैमवतीच्या वहीत मात्र चारशे सत्त्याऐंशी छापे निघाले.

"अम्मा, तेरा कुठे सांडलेस?" मास्तरांनी त्या पोरीला विचारलं.

"मास्टारू, खरंच उडवलं की असंच येतं. सगळ्यांचे नेमके पाचशे कसे येतील?"

मास्तर वरमले. स्टाफरूममध्ये त्यांनी स्वतः उडवून पाहिलं होतं. पाचशे सहा आले, तेव्हा लॅपटॉप मिटून त्यांनी मुकाट्याने मुगाचा डोसा, म्हणजे पेसरट्टू, खाल्ला होता. पोरीचं बरोबर होतं. पण बाकीच्या वह्यांवर त्यांच्या सह्या होऊन गेल्या होत्या.

"उद्या बाहेरचे परीक्षक येतायत. वही नापास झाली तर तुझं वर्ष जाईल. परत कर."

"किती वेळा?"

"बरोबर येईपर्यंत."

हैमवती प्रामाणिक होती, खोटं लिहिणं तिला जमेना. ती उडवत बसली. एकेचाळिसाव्या खेपेला नेमके पाचशे आले. तेवढे तिने वहीत लिहिले आणि आधीच्या चाळीस खेपांचा कागद फाडून टाकला. परीक्षकांनी दहापैकी दहा दिले. बाहेर येऊन ती रडली. का ते मास्तरांना ठाऊक होतं, म्हणून ते दुसऱ्या जिन्याने उतरले.

अभ्यासक्रमाचा निकाल शंभर टक्के लागला. वर नाण्यापाशी ज्या वाचकांनी मान डोलावली, तेही त्यात धरलेले आहेत. प्रमाणपत्र न्यायला येताना दोन फोटो आणावेत. शंका आणू नयेत.