पेढ्याचा खांदा

"हा कुत्रा लंगडत नाही, लंगडायचं नाटक करतो! डॉक्टरांना चार मिनिटांत कळेल!" लंडनमधल्या इल्फर्डच्या व्हेटकडे जाताना माधवरावांनी बायकोला, अनुराधाबाईंना, ठणकावलं.

व्हेट क्लोईने पेढ्याचा, म्हणजे त्यांच्या बत्तीस किलोच्या लॅब्राडॉरचा, पुढचा डावा पाय धरला. कोपर सरळ केलं, पाय मागे ओढला आणि खांद्याच्या पुढे अंगठा दाबला. पेढा केकाटला! अल्ट्रासाउंडमध्ये टेंडन सुजलेलं दिसलं.

"सहा आठवडे रेस्ट," क्लोई म्हणाली. "धावणं नाही, उड्या नाहीत, जिने नाहीत. गोळ्या, आणि नंतर फिजिओ."

अनुराधाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माधवरावांच्या मात्र पोटात दुखायला लागलं. त्यांचा स्वतःचा उजवा खांदा फेब्रुवारीपासून ठणकत होता. तेव्हा ह्याच बायकोने टीव्हीवरची नजर न हलवता "बाम लावा" म्हटलं होतं!

घरी आल्यावर बाईंनी आपली गादी खाली सिटिंग रूममध्ये टाकली, पेढ्याशेजारी. वर माधवराव एकटे, एअरपोर्टच्या पट्ट्यावर फिरत राहिलेल्या बेवारशी बॅगेसारखे!

"अगं, माझाही खांदा..."

"हळू बोला! आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा!"

तिसऱ्या शनिवारी त्यांचा संयम सुटला. बाई किचनमध्ये आहेत असं बघून त्यांनी पेढ्याला गार्डनमध्ये नेलं आणि बॉल काढला. पळाला की लबाडी उघडी! त्यांनी हात जोरात मागे नेला आणि...

कट्!

किंकाळी तीन घरांपलीकडे गेली. बॉल त्यांच्याच पायावर पडला. पेढा शांत बसून बघत होता.

बाई लाटण्यासकट धावत आल्या. "पेढ्या! काय झालं रे बाळा?" त्या त्याचा खांदा चाचपू लागल्या.

"अगं, मी ओरडलो!"

मग त्यांना बॉल दिसला. "पळाला असता तर टेंडन फाटलं असतं त्याचं! का केलंत असं?"

माधवराव गवताकडे बघत पुटपुटले, "हेवा वाटला गं. त्याचा."

सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन बाईंनीच लावला.

आता माधवराव रोज भिंतीला बोटं टेकवून दहा वेळा हात वर सरकवतात. बाई शेजारी उभ्या राहून मोजतात. परवा दहावा झाला आणि त्यांच्या तोंडून सहज निघालं, "गुड बॉय!" हातावर बिस्किटही ठेवलं गेलं. हाडाच्या आकाराचं.

माधवरावांनी ते परत केलं नाही. चहात बुडवलं की तसं बरं लागतं.