टेंब्यांची 'ही'

आमच्या कंपनीचे प्रचारप्रमुख विष्णुपंत टेंबे स्वतःच्याच कंपनीचा साबण दुकानादुकानांतून मागत फिरत. ठाण्यात काळी टोपी, कल्याणात पांढरी आणि डोंबिवलीला बोडके. वाण्यासमोर उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात विचारायचं, "शेवंती साबण आहे का? नाही? मग दुकान उघडलंय कशाला?"

वाणी काय बावळट होते? टेंभी नाक्यावरचा वाणी तर त्यांना लांबून पाहिलं की ओरडायचा, "टेंबे, आहे हो शेवंती! चहा घेणार का?" टेंब्यांचा चेहरा पडायचा. पण दुसऱ्या आठवड्यात टोपी बदलून पुन्हा हजर. माणसाला कंटाळा म्हणून नाही. मला मात्र त्यांच्याकडे बघूनच दमायला व्हायचं.

मी त्या कारखान्यात हिशेबनीस होतो. ठाण्यात खाडीकडच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड, तीत दोन मोठ्या कढया, आणि शेजारच्या खोलीत आमचं ऑफिस. मुंबईच्या बड्या कंपन्यांच्या साबणांपुढे आमची शेवंती म्हणजे वरातीत चुकून शिरलेलं पोर. तरी आमचे मालक भाऊसाहेब दर सोमवारी मीटिंग घेत. कागद कुठला, वास कुठला, वडी केवढी. दोन तास काथ्याकूट व्हायचा आणि मग टेंबे घसा खाकरून म्हणायचे, "आमची ही म्हणते..."

झालं. निकाल लागला. ही म्हणते मोगऱ्याचा वास उग्र होतो, की मोगरा बाद. ही म्हणते ओली वडी हातातून निसटते, की वडीला कंगोरे. एकदा मुंबईहून सूट घातलेला एक जाहिरातवाला आला होता. त्याने तासभर तक्ते दाखवले. भाऊसाहेबांनी जांभई दिली आणि टेंब्यांकडे वळून विचारलं, "वहिनींचं काय म्हणणं?" तो बिचारा तक्ते गुंडाळून चालता झाला. या वहिनींना आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. टेंबे राहायचे डोंबिवलीला, तेव्हा शेतं आणि विहिरीच जास्त. तिकडे मुद्दाम जातोय कोण?

एका वर्षी दिवाळीनंतर आमच्यावर कुऱ्हाड कोसळली. शेवंतीत चरबी आहे, अशी आवई उठली. कुणी उठवली देव जाणे. सोवळ्याओवळ्याची घरं ती; वड्या मोरीतून थेट उकिरड्यावर गेल्या. वाण्यांनी खोकी परत पाठवली. एक कढई थंड पडली. भाऊसाहेब म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघतो. नाहीतर कुलूप."

पत्रक छापू या, असं मीच सुचवलं. 'आमच्या साबणात चरबी नाही.' टेंबे माझ्या अंगावर खेकसलेच. "जोगळेकर, डोकं ठिकाणावर आहे का? ज्यांनी ऐकलं नाही त्यांनाही सांगून याल! आमची ही म्हणते, बायकांना कागद दाखवू नका, कढई दाखवा. कारखान्यातच संक्रांतीचं हळदीकुंकू करा. डोळ्यांदेखत खोबरेल ओता आणि वाण म्हणून वडी लुटा. वाण परत करत नाही कुणी."

भाऊसाहेबांनी टेबलावर थाप मारली. अडचण एकच होती. त्यांचे वडील त्याच वर्षी गेलेले, त्यामुळे मालकीणबाईंना सणवार बंद. "मग टेंबे, वहिनींच्याच नावानं होऊ दे. कल्पना त्यांचीच आहे." टेंब्यांनी नुसती मान हलवली. बोलावण्याचे कागद छापून डोंबिवलीपर्यंत वाटले गेले: 'सौ. सुशीलाबाई टेंबे यांचं अगत्याचं आमंत्रण.'

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी वहिनींना आणायला मला धाडलं. रविवारचा दिवस, पाय दुखतायत, आणि ही वरात माझ्याच गळ्यात! चिडतच गेलेलो. एका चाळीच्या टोकाला खोली. टेंबे एकटेच स्टोव्हपाशी बसले होते.

"वहिनी तयार झाल्या का?"

"ही नाहीये, जोगळेकर."

"नाहीये म्हणजे? कुठं गेल्या? दुपारी बायका यायच्यात!"

"गेली. लढाईच्या वर्षांत. विषमज्वरानं."

"अहो, मग मोगरा? कंगोरे? हे सगळं म्हणायचं कोण?"

"तीच. घरी आलो की विचारतो. ती काय म्हणाली असती ते मला बरोबर कळतं हो." त्यांनी स्टोव्ह विझवला. "त्या दिवशी भाऊसाहेबांना नाही म्हणायला तोंडच उघडेना. आता लोक म्हणतील, साबण खोटा आणि बायकोही खोटी. कारखाना माझ्यामुळे बुडणार."

त्यांना घेऊन तडक घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, वहिनी माहेरी गेल्यात असं सांगून टाक. सुमती माझ्यावरच उखडली. "काही नको थापा! अहेवपणी गेल्या ना त्या? मग सौ. लिहिलं त्यात खोटं काय? अविधवा नवमी कुणाची करतो आपण?" आणि लुगडं बदलून ती निघालीसुद्धा.

बायका आल्या, पण हात पदराआड धरून. कढईत खोबरेल ओतलं, त्यांनी वाकून पाहिलं, तरी पुढे कुणी होईना. शेवटी डोंबिवलीच्या एका म्हाताऱ्या काकूंनी विचारलं, "यजमानीण कुठाय?"

सुमतीने सरळ सांगितलं, "त्या अहेव गेल्या. हे वाण त्यांचं आहे. मी नुसती देतेय."

मी दाराबाहेर टेंब्यांचा दंड घट्ट धरून उभा. मनात म्हटलं, संपलं, आता कुलूप. काकूंनी कढईकडे पाहिलं, मग सुमतीकडे. आणि पदर पसरला. "दे बाई. अहेव बाईचं वाण नाही म्हणू नये."

मग बाकीच्यांची रीघ लागली. टेंबे भिंतीकडे तोंड करून उभे होते. "जोगळेकर," ते म्हणाले, "हा प्रचार नव्हता हो." मी म्हटलं, "माहितीय."

कढया पुन्हा पेटल्या. टेंबे मात्र मिटले. सगळ्यांना कळलं होतं ना! सोमवारी येत, कोपऱ्यात बसत, घसासुद्धा खाकरत नसत. महिनाभर एका गोष्टीचा निकाल लागला नाही आणि माझी बसून बसून कंबर धरली. मला त्या 'आमची ही म्हणते'ची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

एका सोमवारी वेष्टण गुलाबी की हिरवं, यावरून वाद पेटला. भाऊसाहेबांनी दोन्ही कागद उचलले, उठून टेंब्यांपाशी गेले आणि त्यांच्या हातात दिले.

"टेंबे, घरी घेऊन जा. वहिनींना विचारा."

टेंब्यांनी घडी घालून ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. घसा खाकरला.

"ही म्हणते, गुलाबी नको. फार मिरवल्यासारखं दिसतं."

मी हिरवा लिहून घेतला.