हैसियतवाले हरबाजी

हरबाजींच्या ओट्यावर कुणी चांगला कोट घालून आला, की नमस्काराच्या आधी ते कोटाच्या गुंड्या बघत. गुंड्या चांदीच्या असल्या तर बोलणं पुढे जात नसे. "आधी थ्या काढून खिशात ठेवा," ते म्हणत. "चांदी लावून रडाले आले काय?" माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी रडायला गेलो नव्हतो. कारंजात नवा आलेला मास्तर होतो, शेजारची खोली भाड्याने घेतली होती, म्हणून ओळख करून घ्यायला गेलो होतो. माझ्या गुंड्या पितळेच्या आहेत हे कळल्यावर त्यांनी मला बसायला पोतं दिलं.

त्या काळी कमिटी, म्हणजे गावची नगरपालिका, हैसियत टॅक्स घेत असे. माणसाचं घर, धंदा, राहणी बघून कारकून त्याची ऐपत ठरवायचा आणि त्या ऐपतीवर कर बसायचा. कापसाचा भाव पडला तशी बाजारपेठ बसली, कर मात्र जिथल्या तिथे राहिला. बाकी तुंबली की जप्तीची नोटीस यायची, आणि नोटीस घेऊन माणूस हरबाजींकडे यायचा. ते अर्जनवीस होते. बाकी कमी करून मागायची, हप्ते पाडून मागायचे, हा त्यांचा धंदा. फी अर्ज मंजूर झाल्यावर, आणि तीही पक्षकाराला आठवली तर. सुपारी दाढेखाली धरून ते लिहीत. त्यांचे अर्ज वाचले तर सबंध कारंजात एकही सुखी माणूस सापडला नसता.

"गरिबी नुसती असून भागत नाही, भाऊ," ते म्हणत. "थे दिसा लागते."

म्हणून सुनावणीच्या आदल्या दिवशी तालीम असे. एरवी कुत्र्यालाही हाड न म्हणणारे हरबाजी साहेब होऊन खाटेवर बसत आणि गरजत, "काहून नाही भरला टॅक्स?" समोरचा माणूस दचकून खरोखरच रडकुंडीला येई. मग हेच साहेब खाली उतरून त्याला पाणी देत.

एकदाच तालीम वाया गेली. रतनशेट दलाल सुनावणीत हात जोडून, मान खाली घालून इतका झकास उभा होता, की मेंबरांना पाझर फुटला. एकजण म्हणाला, "जाऊ द्या, कफल्लक झाला बिचारा." रतनशेटनं मान वर केली. समोरच्या बाकावर त्याच्या मुलीचे होणारे सासरे बसले होते. "कफल्लक कोन?" तो म्हणाला. "तुमची सारी कमिटी वर्षभर पोसून दाखोतो." बाकी एक पैशानंही कमी झाली नाही. हरबाजींनी त्याला दोष दिला नाही. "मानूस हाय," एवढंच म्हणाले.

त्यांचा दुसरा उपाय जरा वाकडा होता. कारकून एखाद्या घराची फेरपाहणी करायला यायचा असला, की त्या घरातली भांडी, आरसा, घड्याळ गुपचूप हरबाजींकडे येऊन पडत. हे बरोबर नाही, असं मी त्यांना एकदा म्हणालो. "बरोबर थे तुमच्या शाळेत, मास्तर," त्यांनी मला वाटेला लावलं.

कासम मनिहाराच्या वेळी हा उपाय अंगाशी आला. कासम बांगड्या विकायचा. मुलीच्या लग्नासाठी त्यानं जमवलेली तांब्याची भांडी, पलंग, मोठा आरसा असं सगळं हरबाजींकडे आणून ठेवलं होतं. कारकून नवा होता. कासमचं घर झाल्यावर तो हरबाजींच्याही घरात शिरला. सगळीकडे नजर फिरवली आणि गल्लीच्या देखत म्हणाला, "वा, हरबाजीराव! तुम्ही तर बडी असामी निघालात."

सामान दुसऱ्याचं आहे म्हणावं, तर कासम अडकला असता. हरबाजी गप्प राहिले आणि त्यांच्यावर चांगला भरभक्कम टॅक्स बसला. गल्ली पोट धरून हसली आणि त्यांना 'हैसियतवाले' म्हणू लागली. तेही हसले. भांडी कासमकडे परत गेली, मुलीचं लग्न झालं. टॅक्स तेवढा हरबाजींच्या नावावर राहिला. त्यांनी तो भरला नाही, कारण भरायला काही नव्हतंच. पुढे नोटीस आली. घरात जप्त करण्याजोगी वस्तू नव्हती, म्हणून घरच लिलावात काढणार होते.

मला वाटलं, आता ते स्वतःचा अर्ज लिहितील. मुदत संपत आली तरी कागद कोराच होता. शेवटी मी कासमला घेऊन गेलो.

"मी कमिटीपुढं सांगतो, सामान माहं होतं," कासम म्हणाला. "दंड झाला तं होऊ द्या."

"पोरगी सासरी हाय तुही," हरबाजी म्हणाले. "तिले तिथं तोंड दाखवा लागते. चूप बस."

"मग कासमचं नावच घेऊ नका," मी म्हणालो. "एवढंच लिहा, की आज येऊन घर बघा, इथे काही नाही. खोटं थोडंच आहे?"

हरबाजींनी कागद घेतला, टाक बुडवला. 'मेहेरबान' पासून वरच्या ओळी हाताच्या सवयीनं झरझर उतरल्या. 'अर्जदाराची हैसियत' इथवर येऊन हात थांबला. पुढे हलेचना.

"मास्तर," ते म्हणाले, "मी जवान होतो तवा मले पाह्याले कामरगावचे पाहुने आले होते. पोरीवाले. त्याईनं अशीच घरात नजर फिरवली. पानी पेले. म्हने, घरी जाऊन कळवतो." ते जरासे हसले. "अजून कळवूनच राह्यले."

कासम जमिनीकडे बघत होता.

"त्याच्यानंतर घरात नजर फिरवणारा थो कारकूनच पहिला. थो मले हरबाजीराव म्हनला." त्यांनी टाक खाली ठेवला. "लोकायच्या अर्जात थोडं खोटं राहे, म्हनून हात चाले. ह्याच्यात सारं खरं हाय. मले नाही लिवता येत."

मीच लिहितो, तुम्ही सही करा, असं म्हणायचं मनात होतं. पण खाली ठेवलेल्या त्या टाकाला मला हात लावता आला नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग आला आणि फार वाईट वाटलं.

घर गेलं. कासमनं आपल्या दुकानामागची खोली त्यांना देऊ केली. फुकट राहायला हरबाजी तयार होईनात. "मी काय गरीब हाव काय?" त्यांनी विचारलं.

कासमनं भाडं सांगितलं. पुढे दर महिन्याला तो स्वतः भाडं मागायला जाई, "काढा, हरबाजीराव" म्हणून दारात उभा राही, आणि एखाद्या दिवसाचा उशीर झाला तर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात मागत असे.