तळघरातली तूट

माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही! वाइनच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि तेवढ्यात मी चोर पकडला. निदान मला तसं वाटलं.

चोर म्हणजे आमचे तळघरवाले काका. तीस वर्षांची नोकरी, आवाज लोण्यासारखा मऊ. द्राक्षं चिरडून त्यांचा रस टाकीत आंबवायचा, मग वाइन तळघरातल्या लाकडी पिंपांत वर्षभर मुरवायची आणि त्यानंतर बाटल्या भरायच्या. पिंपांचं सगळं काकांकडे. दर सोमवारी काका टाकीतून कॅनभर वाइन काढायचे, तळघरात उतरायचे आणि अर्ध्या तासाने रिकामा कॅन हलवत वर यायचे!

"काका, पिंपं तर मागेच काठोकाठ भरलीत. मग ही वाइन जाते कुठे?"

"पिंपं पितात रे बाबा."

पिंपं पितात! मी काय काल जन्मलो? तडक मालकांकडे तक्रार केली. वडिलांच्या जागी नुकतेच बसलेले, तापट गृहस्थ. म्हणाले, "अकराला येतो. खरं निघालं तर म्हातारा आजच घरी! कामावर पिणाऱ्याला इथे माफी नाही."

दहा वाजता मी पुरावा गोळा करायला तळघरात उतरलो. कॅन संपवणारा माणूस पिंपांना सोडेल होय? तिथलीही पीत असणार आणि वरून पाणी ओतत असणार! म्हणजे चव बघणं आलं. पहिल्या पिंपाचं बूच काढलं, काचेची नळी घातली, एक घोट ओढला. पाणी नव्हतं. आता चव घेणारे घोट थुंकतात हे मी पाहिलं होतं, पण थुंकायचं कुठे? काकांनी फरशी अशी घासली होती की तोंड दिसावं. दुसऱ्याने घासलेल्या फरशीवर थुंकायचं? आईचे संस्कार आहेत हो आपल्यावर! गिळला.

पिंपं अठरा होती. आणि आयुष्यात मी खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नव्हतं! पाचव्या पिंपापाशी जिने दोन दिसायला लागले. नवव्याला मोजणी चुकली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तपास म्हणजे तपास!

मालक काकांना घेऊन उतरले तेव्हा मी एका पिंपाला मिठी मारून विचारत होतो, "घाबरू नकोस, खरं सांग. तुला कोण पितं?"

"काका!" मालक गरजले. "हा काय प्रकार आहे? आणि दर सोमवारची वाइन जाते कुठे?"

"साहेब, लाकडातून वाइन थोडी थोडी उडून जाते," काका शांतपणे म्हणाले. "ती जागा रिकामी राहिली तर आत हवा साठते आणि सगळा माल आंबट होतो. म्हणून दर सोमवारी भर घालायची. तुमच्या वडिलांनीच शिकवलंय मला."

मालक ओशाळले. मग माझ्याकडे वळले. "म्हणजे कामावर पिणारा हा एकटाच! आजच घरी!"

नोकरी गेली, अब्रूही गेली! आणि तेव्हा काका म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. थुंकायचं भांडं कुठे असतं, ते मी नव्या माणसाला दाखवलंच नाही."

भांडं जिन्याखालीच होतं. चांगलं बादलीएवढं!

मालकांना हसू आवरेना. नोकरी वाचली. मला मात्र रडू कोसळलं. "काका, मी तुम्हाला चोर म्हणालो हो!"

"असू दे. चल, घरी सोडतो."

बायकोने दार उघडलं. माझ्या तोंडाचा वास घेतला आणि काकांवर कडाडली, "महिना नाही झाला कामावर लागून, आणि माझ्या भोळ्या नवऱ्याला पाजलीत? या वयात शोभतं का हे तुम्हाला?"

काकांनी मान खाली घातली. "चुकलं, पोरी. पुन्हा नाही होणार."

मला खरं सांगायचं होतं हो, अगदी शपथेवर! मी छाती पुढे काढली, तोंड उघडलं, आणि उचकी लागली.